दुधातले जिवाणू पित्तात टिकले, म्हणून ते प्रोबायोटिक झाले का?

एका विद्यार्थ्याकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाय, म्हैस आणि शेळीच्या ताज्या, न तापवलेल्या दुधातून एमआरएस अगार या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर ४२ कॉलनी (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) वेगळ्या केल्या. सगळ्या ग्रॅम पॉझिटिव्ह, कॅटालेज निगेटिव्ह. त्यातल्या ६ पीएच ३ ला तीन तास टिकल्या, ०.३ टक्के पित्तातही टिकल्या आणि ई. कोलायच्या प्लेटवर त्यांच्याभोवती स्वच्छ झोन, म्हणजे ई. कोलाय न वाढलेलं वर्तुळ, मिळाला. यांना प्रोबायोटिक म्हणता येईल का? पुढे कोणत्या चाचण्या कराव्यात? आणि ताजं कच्चं दूध प्यायलं तर हेच जिवाणू आपसूक पोटात जात असतील ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'अजून नाही'. तिसऱ्याचं उत्तर 'जातात, पण त्यासाठी कच्चं दूध पिऊ नका', त्याकडे शेवटी येते. मधल्या प्रश्नावर सविस्तर लिहायचं आहे. दुधातल्या सूक्ष्मजीवांवर काम करताना असे पाच-सहा निवडक आयसोलेट, म्हणजे वेगळे केलेले जिवाणू, घेऊन आलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या चाचण्या चुकीच्या नसतात, क्रम उलटा असतो. आधी आम्ल, मग पित्त, मग झोन, आणि नाव व सुरक्षितता सगळ्यांत शेवटी, प्रबंध लिहायला बसल्यावर. तोवर दोन वर्षं गेलेली असतात.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली जी व्याख्या केली आणि जी २०१४ साली शब्दांत किरकोळ बदल करून पुन्हा मान्य झाली, ती सांगते की पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यात जिवंतपणा आहे, मात्रा आहे आणि लाभ आहे. आम्लात टिकणं यात कुठेच नाही. तुमच्या सहा आयसोलेटबद्दल आज एवढंच म्हणता येतं की ते लॅक्टिक आम्ल जिवाणू (साखरेचं लॅक्टिक आम्ल करणारे) असावेत आणि त्यांच्यात प्रोबायोटिक क्षमता आहे का, हे तपासण्याजोगं आहे. 'क्षमता' हा शब्द शीर्षकात राहू द्या. परीक्षकाला तो पळवाट वाटला तरी तोच खरा आहे.

आता हे जिवाणू दुधात येतात कुठून, ते पाहू. निरोगी कासेतून, सड स्वच्छ करून, पहिल्या धारा टाकून नीट काढलेल्या दुधात एका मिलीलिटरला सहसा हजाराच्या आतबाहेरच जिवाणू असतात, आणि त्यातही लॅक्टिक आम्ल जिवाणूंचा वाटा थोडा. बाकीचे नंतर मिसळतात: सडाच्या कातडीवरून, हातांवरून, भांड्यांतून, मिल्किंग मशीनच्या नळ्यांमधून, गोठ्यातल्या धुळीतून, वैरणीतून. जनावराला मुरघास घातला जात असेल तर लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारमसारखे जिवाणू त्यातून येण्याची शक्यता बरीच असते, कारण मुरघास मुरतो तोच मुळी या मंडळींमुळे. म्हणजे तुम्ही 'म्हशीच्या दुधातला स्ट्रेन' (एका प्रजातीतला विशिष्ट वाण) म्हणत आहात तो मुळात म्हशीच्या वैरणीतला असू शकतो. यात कमीपणा काही नाही. एफएओ-डब्ल्यूएचओची २००२ ची मार्गदर्शक तत्त्वंही मूळ स्रोतापेक्षा कार्याला महत्त्व देतात. मात्र नमुन्याच्या नोंदीत जनावराची जात आणि वेत यांच्याबरोबर चारा, धार काढायची पद्धत आणि धार काढल्यापासून प्लेटिंगपर्यंत गेलेला वेळ हेही लिहा. हे नसेल तर गाय, म्हैस आणि शेळी यांची तुलना प्रत्यक्षात तीन गोठ्यांची तुलना होऊन बसते.

वेळेबद्दल थोडं अधिक. ताज्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम असे स्वतःचे पहारेकरी असतात आणि पहिले काही तास ते जिवाणूंची वाढ रोखून धरतात. नंतर दूध ४ अंशांवर ठेवलंत तर थंडीत वाढणारे सूडोमोनास पुढे निघून जातात आणि लॅक्टिक मंडळी मागे पडतात. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवलेल्या नमुन्यावरून 'या दुधात लॅक्टिक आम्ल जिवाणू कमी आहेत' असा निष्कर्ष काढला, तर त्यात दुधापेक्षा फ्रीजबद्दलच जास्त माहिती असते. बर्फात आणा आणि त्याच दिवशी प्लेट करा.

माध्यमाचंही असंच आहे. एमआरएस १९६० साली लॅक्टोबॅसिलाय वाढवण्यासाठी तयार झालं आणि त्यांच्यासाठी ते उत्तमच आहे. पण दुधात मुबलक असणाऱ्या लॅक्टोकॉकससाठी एम१७ हे माध्यम लागतं. ते १९७५ सालचं. त्यात ग्लिसरोफॉस्फेटचा बफर असतो, म्हणून जिवाणू स्वतःच्याच आम्लात लवकर गुदमरत नाहीत. फक्त एमआरएस आणि फक्त ३७ अंश वापरलंत तर दुधातल्या मोठ्या गटाला तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. पुढच्या फेरीत एम१७ जोडा आणि ३० अंशांची एक रांग ठेवा. लॅक्टोबॅसिलाय हवेत तर एमआरएसचा पीएच ५.४ करून विनाप्राणवायू वाढवा. यीस्टचा त्रास होत असेल तर नॅटामायसिन घाला.

आणि ४२ कॉलनी म्हणजे ४२ स्ट्रेन नव्हेत. एकाच प्लेटवरच्या सारख्या दिसणाऱ्या कॉलनी बहुधा एकाच स्ट्रेनच्या असतात. रेप-पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या ठशाचे, पट्टे शेजारी शेजारी लावले की ४२ मधून दहा-बारा उरतात, असं नेहमी होतं. हे आधी केलंत तर पुढचा प्रत्येक प्रयोग एक चतुर्थांश खर्चात होतो. तुमचे सहा आयसोलेट कदाचित दोनच असतील.

मग नाव. इथे मला माझाच एक अनुभव सांगितला पाहिजे. सुरुवातीच्या काळात शेळीच्या दुधातून एक गोल जिवाणू मिळाला होता. आम्ल, पित्त, मीठ, ४५ अंश, कशालाच दाद देत नव्हता. प्रत्येक तक्त्यात पहिला. तीन महिने त्याच्यावर काढले, चिकटण्याच्या चाचण्याही उरकल्या, आणि मग १६एसचा, म्हणजे ओळख पटवणाऱ्या जनुकाच्या वाचनाचा, निकाल आला: एन्टेरोकॉकस फीकॅलिस. तो इतका चिवट का होता, ते त्या नावातच होतं. आतड्यात राहणारा जिवाणू पित्ताला घाबरेलच कसा? पुढे त्यात जिलॅटिनेज हे ऊती पोखरणारं एन्झाइम निघालं, टायरामीन हे त्रासदायक अमाइनही निघालं, आणि तो काम थांबवण्याच्या यादीत गेला. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे की नाव कळल्याशिवाय आम्लाच्या नळीला हात लावायचा नाही.

हे एन्टेरोकॉकस प्रकरण कच्च्या दुधाच्या बाबतीत वारंवार येतं, कारण ते एमआरएसवर छान वाढतात आणि ग्रॅम-कॅटालेजमध्ये लॅक्टिक जिवाणूंसारखेच दिसतात. नव्हे, ते लॅक्टिक आम्ल जिवाणूच आहेत. पण युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची सुरक्षित गृहीत धरलेल्या गटांची जी यादी आहे, जिला क्यूपीएस म्हणतात, तिच्यात एन्टेरोकॉकस नाहीत. एन्टेरोकॉकस फीसियमचे काही स्ट्रेन प्रोबायोटिक म्हणून वापरात आहेत, हे खरं. पण तिथे प्रत्येक स्ट्रेनला वेगळी परीक्षा द्यावी लागते: अँपिसिलिनची एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि रुग्णालयांत फिरणाऱ्या घातक वंशाच्या खुणा मानलेले तीन जनुकीय घटक, आयएस१६, ईएसपी आणि एचवायएल, सापडता कामा नयेत. विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रकल्पासाठी हा रस्ता मी सुचवणार नाही.

दुसरा सापळा स्ट्रेप्टोकॉकसचा. योगर्टच्या विरजणातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस सुरक्षित आहे. पण त्याच दुधात कासदाह करणारे स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए किंवा युबेरिस असू शकतात, आणि बोव्हिस गटातला इन्फँटेरियस तर प्लेटवर थर्मोफिलसचा जुळा भाऊ वाटतो. लॅक्टोकॉकस लॅक्टिससारखा दिसणारा लॅक्टोकॉकस गार्व्हिए माशांमध्ये रोग करतो आणि कासदाहाच्या दुधातही सापडतो. म्हणून नमुना घेतानाच सीएमटी, म्हणजे कासदाहाची झटपट चाचणी, करा. कासदाह झालेल्या जनावराचं दूध प्रोबायोटिक शोधण्यासाठी घेऊ नका. आणि ओळख १६एसवर थांबवू नका. प्लँटारम, पेंटोसस आणि पॅराप्लँटारम यांचं १६एस जवळजवळ सारखंच असतं, तिथे आरईसीए जनुकावरची मल्टिप्लेक्स पीसीआर लागते. केसाय, पॅराकेसाय आणि ऱ्हॅम्नोसस यांचंही तेच. परवडत असेल तर निवडलेल्या दोन-तीन स्ट्रेनचा पूर्ण जीनोमच वाचून घ्या. ओळख, प्रतिजैविकांना विरोध करणारी जनुकं, विषारी घटक, बॅक्टेरिओसिनची (इतर जिवाणूंना मारणाऱ्या प्रथिनांची) जनुकं, सगळं एकाच कामात हाती येतं. नावं लिहिताना २०२० नंतरची लिहा. त्या वर्षी जुन्या लॅक्टोबॅसिलस वंशाचे वेगवेगळे वंश केले गेले, म्हणून आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम, लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, लिमोसिलॅक्टोबॅसिलस फर्मेंटम असं लिहायचं.

नाव पटलं की सुरक्षितता. रक्त अगारवर बीटा हिमोलिसिस, म्हणजे रक्तपेशी पूर्ण फुटणं, दिसलं की तो आयसोलेट बाद, चर्चा नाही. जिलॅटिनेज, डीएनेज, हिस्टामीन व टायरामीन तयार होणं, डी-लॅक्टेटचं प्रमाण, हे सगळं स्वस्तात होतं. प्रतिजैविकांच्या चाचणीत मात्र लोक फार घोटाळे करतात. एमआरएस अगारवर डिस्क ठेवून झोन मोजू नका. एमआरएसचा पीएच आणि घटक काही प्रतिजैविकांच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि त्या झोनचे व्यास कोणत्याही तक्त्याशी जुळवता येत नाहीत. आयएसओ १०९३२ मध्ये सांगितलेली ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन पद्धत वापरा. तिच्यातलं माध्यम ९० टक्के आयसोसेन्सिटेस्ट आणि १० टक्के एमआरएस असं असतं.

निकाल आला की बहुतेकांना व्हँकोमायसिनपाशी धडकी भरते. प्लँटारम, ऱ्हॅम्नोसस, फर्मेंटम, ल्यूकोनोस्टॉक, पेडिओकॉकस, सगळे विरोधक निघतात. घाबरू नका. त्यांच्या पेशीभित्तिकेत व्हँकोमायसिन ज्या टोकाला चिकटतं तिथे डी-अ‍ॅलानिनच्या जागी डी-लॅक्टेट असतं. हा त्यांचा जन्मजात स्वभाव आहे आणि तो दुसऱ्या जिवाणूला देता येत नाही. एन्टेरोकॉकसमध्ये हाच विरोध व्हॅन-ए जनुकामुळे आला, तर ते जनुक उड्या मारणाऱ्या तुकड्यावर असतं आणि पुढे जातं. तक्त्यातलं अक्षर तेच, 'आर' (रेझिस्टंट), पण अर्थ दोन. टेट-एम किंवा ईआरएम-बीसारखं विरोधाचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर, सापडलं तर तो स्ट्रेन कितीही गुणी असला तरी बाजूला ठेवायचा.

याचं एक सुंदर उदाहरण आईच्या दुधातल्या स्ट्रेनचंच आहे. लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एटीसीसी ५५७३० हा स्ट्रेन प्रोबायोटिक म्हणून वापरात होता. नंतर त्यात दोन प्लाझ्मिड सापडले, एकावर टेट्रासायक्लिनला विरोध करणारं जनुक, दुसऱ्यावर लिंकोमायसिनला. ते दोन्ही प्लाझ्मिड काढून टाकून नवा स्ट्रेन तयार केला गेला, डीएसएम १७९३८, आणि हे काम २००८ साली प्रसिद्ध झालं. वापरात असलेल्या स्ट्रेनबाबत एवढी काळजी घेतली जाते. आपला तर अजून नळीतच आहे.

आता तुमच्या आम्ल-पित्ताच्या आकड्यांकडे येते. तुमच्या तक्त्यात एका स्ट्रेनपुढे 'जगण्याचं प्रमाण ८७.५ टक्के' असं लिहिलं आहे. मूळ आकडे पाहिले: सुरुवातीला लॉग ८, तीन तासांनी लॉग ७. सातला आठने भागून शंभराने गुणलं की ८७.५ येतात. पण लॉग ८ म्हणजे १० कोटी आणि लॉग ७ म्हणजे १ कोटी. दहातले नऊ मेले. खरं प्रमाण १० टक्के. लॉग ६ वर आला असता तर तुमच्या पद्धतीने ७५ टक्के 'उत्तम सहनशीलता' लिहिली गेली असती आणि प्रत्यक्षात शंभरातले ९९ मेलेले असते. छापील लेखांतही हे सर्रास दिसतं, म्हणून तुम्हाला ते बरोबर वाटलं असणार. टक्के लिहूच नका. 'तीन तासांत १ लॉग घट' असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

दुसरं, पित्ताची चाचणी तुम्ही ऑप्टिकल डेन्सिटीवर, म्हणजे गढूळपणा मोजून, केली आहे. गढूळपणा मेलेल्या पेशींनाही असतो. कॉलनी मोजल्याशिवाय 'टिकला' म्हणू नका. आणि एकदा आम्लात, वेगळ्या नळीत पित्तात, असं सुटं सुटं करण्यापेक्षा इन्फोजेस्ट या पचनाची नक्कल करणाऱ्या पद्धतीचा क्रम घ्या: दोन मिनिटं लाळेचा टप्पा पीएच ७ ला, दोन तास पेप्सिनसह पीएच ३ ला, मग दोन तास पॅनक्रिएटिन आणि पित्तासह पीएच ७ ला. आम्लात जखमी झालेली पेशी पित्तात कोसळते, हे सुट्या चाचण्यांत दिसत नाही. स्ट्रेन एकदा बफरमध्ये आणि एकदा दुधात मिसळून चालवा. दुधातली प्रथिनं आम्ल शोषून घेतात, त्यामुळे दोन्ही आकड्यांत फरक पडतो, आणि माणसाला तुम्ही जिवाणू बफरमधून देणार नाही आहात.

झोनबद्दल तुम्ही फार आनंदाने लिहिलं आहे. म्हणून तो झोन जवळून पाहू या. अगारमध्ये पाडलेल्या विहिरीत (खळग्यात) तुम्ही रात्रभर वाढलेल्या ब्रॉथचं सेंट्रिफ्यूज केलेलं वरचं पाणी टाकलंत. एमआरएसमध्ये २ टक्के ग्लुकोज असतं. जिवाणूने त्याचं लॅक्टिक आम्ल केलं आणि पीएच ४ च्या आसपास उतरला. या पीएचला लॅक्टिक आम्लाचा मोठा भाग विघटन न झालेल्या रूपात असतो. तो ई. कोलायच्या पेशीत सहज शिरतो आणि आत गेल्यावर आम्ल सोडतो. झोन यातूनच पडतो. खात्री करायची असेल तर पुढच्या प्लेटच्या अगारमध्ये चिमूटभर ब्रोमोक्रेसॉल पर्पल घाला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडाल तेव्हा जांभळ्या अगारमध्ये विहिरीभोवती पिवळं वर्तुळ दिसेल, आणि पिवळ्याची कड व झोनची कड जवळपास एकच असेल.

मग तेच पाणी तीन भागांत वाटा. पहिला तसाच. दुसरा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.५ वर आणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला. तिसरा तसाच उदासीन केलेला, पण त्यात कॅटालेज घातलेलं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रश्न मिटतो. चौथ्या विहिरीत कोरं एमआरएस लॅक्टिक आम्लाने त्याच पीएचला आणून टाका. माझा अंदाज आहे की पहिल्या आणि चौथ्या विहिरीचा झोन सारखा येईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या विहिरींभोवती ई. कोलाय काठापर्यंत दाट उगवलेला असेल. तिथे झोन उरला, आणि प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के घातल्यावर तो गेला, तरच 'बॅक्टेरिओसिन' शब्द तोंडातून काढायचा.

तसंही लॅक्टिक जिवाणूंची बहुतेक बॅक्टेरिओसिन ई. कोलायवर चालतच नाहीत. ग्रॅम निगेटिव्ह पेशीचं बाहेरचं आवरण त्यांना आत येऊ देत नाही. नायसिनचंच पाहा. लॅक्टोकॉकस लॅक्टिसमधून मिळणारं हे बॅक्टेरिओसिन, त्याचा परिणाम १९२८ साली नोंदला गेला, आणि आज ते ई२३४ या क्रमांकाने अन्नात वापरलं जातं. पण एकट्याने ते ग्रॅम पॉझिटिव्हांवरच प्रभावी आहे. बॅक्टेरिओसिन शोधायचं असेल तर निर्देशक, म्हणजे ज्याच्यावर परिणाम पाहायचा तो जिवाणू, म्हणून लिस्टेरिया इनोक्युआ घ्या. ती रोगकारक नाही आणि लिस्टेरिया मोनोसायटोजिनिसच्या जवळची आहे. आम्लाचा झोन वाया गेला असं मात्र समजू नका. दूध आंबवून टिकवायला तेच आम्ल कामाला येतं. फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

स्वतःत गोळा होणं, झायलीन किंवा हेक्साडेकेनला चिकटणं, या चिकटून राहण्याचा अंदाज देणाऱ्या चाचण्या करायला सोप्या आहेत म्हणून सगळे करतात. करा, पण निवड त्यांवर करू नका. आतड्याच्या कॅको-२ किंवा श्लेष्मा तयार करणाऱ्या एचटी२९ पेशींवरचा निकाल त्यांच्यापेक्षा बरा, पण तोही आतड्यातल्या आयुष्याबद्दल थोडंच सांगतो. कोलेस्टेरॉल कमी झालं, हा दावा तर अगदी जपून. पित्तक्षार तोडणारे जिवाणू माध्यमाचा पीएच खाली आणतात तेव्हा सुट्या पित्ताम्लांबरोबर कोलेस्टेरॉलही खाली बसतं. नळीतून ते नाहीसं होतं, जिवाणूने मात्र खाल्लेलं नसतं. हे १९९३ सालीच दाखवून झालं आहे.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. योगर्टमधले दोन जिवाणू घ्या, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी उपजाती बल्गेरिकस. तुमच्या पद्धतीने चाळले तर दोघेही पहिल्याच फेरीत बाद होण्याची शक्यता आहे. पित्ताला ते फारसे तोंड देत नाहीत, आतड्यात वस्तीही करत नाहीत. आणि तरी योगर्टमधल्या जिवंत कल्चरमुळे लॅक्टोज पचायला मदत होते, हा युरोपात अधिकृतपणे मान्य झालेला आरोग्यदावा आहे, ग्रॅमला किमान १० कोटी जिवाणू या अटीवर. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅक्टोज न पचणाऱ्या माणसांना तेवढंच लॅक्टोज एकदा दुधातून आणि एकदा योगर्टमधून दिलं. योगर्टनंतर श्वासातला हायड्रोजन, जो न पचलेल्या लॅक्टोजची खूण असतो, सुमारे एक तृतीयांशच निघाला.

हे कसं घडतं ते पाहा. जठरात जिवाणूची पेशी आतल्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमला सांभाळून नेते, योगर्टचा दाटपणा आणि बफर मदत करतात. लहान आतड्यात पित्त भेटतं, पेशीचं आवरण सैल होतं, एन्झाइम लॅक्टोजपर्यंत पोहोचतं आणि लॅक्टोज तुटतं. म्हणजे इथे पित्तापुढे हार मानणं हाच लाभाचा मार्ग आहे. तुमच्या ४२ मधल्या ज्या ३६ कॉलनी तुम्ही टाकून दिल्यात, त्यांत असा एखादा असू शकतो.

म्हणून आधी ठरवा, तुम्हाला कोणता लाभ हवा आहे. लॅक्टोज पचवणं हवं असेल तर प्रत्येक आयसोलेटचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज ओएनपीजी या रंग देणाऱ्या पदार्थावर मोजा आणि पित्तातली सहनशीलता बाजूला ठेवा. प्रतिजैविकं घेताना होणारा जुलाब रोखायचा असेल तर आतड्यात जिवंत पोहोचणं महत्त्वाचं, तिथे इन्फोजेस्ट पुढे आणा. वासरांच्या किंवा करडांच्या हगवणीसाठी काही करायचं असेल तर यजमानच बदलला, आणि मग जनावराच्या दुधातला स्ट्रेन त्याच जनावराच्या पिल्लाला, हा विचार मला फार आवडतो. चाचणीही माणसाच्या पेशींवर न होता पिल्लावर होते. लाभ ठरला की चाचण्या आपोआप ठरतात, आणि शेवटची चाचणी नेहमी यजमानात, नियंत्रण गट ठेवून, त्याच स्ट्रेनवर. एका प्लँटारमचा निकाल दुसऱ्या प्लँटारमच्या नावावर लावता येत नाही.

पुढे कधी नमुने वाढवणार असाल तर गाढवीचं किंवा घोडीचं दूध मिळतंय का पाहा. गाढवीच्या दुधात लायसोझाइम लिटरला एक ग्रॅमच्या आसपास असतं, गायीच्या दुधात ते नगण्य. लायसोझाइम ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींची भिंत कापतं. अशा दुधात तगलेला लॅक्टिक जिवाणू आधीच एका कडक चाळणीतून आलेला असतो.

कच्च्या दुधाचा प्रश्न राहिला. मिलीलिटरला हजार लॅक्टिक जिवाणू धरले तर २०० मिलीलिटरच्या पेल्यातून २ लाख पोटात जातील. प्रोबायोटिकची मात्रा सर्वसाधारणपणे दिवसाला १०० कोटींच्या घरात धरतात. ५,००० पेले झाले. आणि मिलीलिटरला कोटीभर जिवाणू असलेलं कच्चं दूध मिळालंच, तर त्यात नुसते लॅक्टिक जिवाणूच वाढले असतील याची हमी कोण देणार? कच्च्या दुधातून ब्रुसेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया, ई. कोलाय ओ१५७, गायींचा क्षयजंतू असे रोगजंतू येऊ शकतात, आणि दिसायला-वासाला ते दूध अगदी ताजंच असतं. गरोदर बाई, लहान मूल आणि आजारी माणूस यांच्यासाठी हा धोका जिवावर बेतणारा आहे. दूध ६३ अंशांना ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवा. त्यात उपयोगी जिवाणूही मरतात, पण हवा तो ओळखलेला स्ट्रेन नंतर मोजून घालता येतो. प्रयोगशाळेतही कच्चं दूध उघडताना हातमोजे आणि सेफ्टी कॅबिनेट हवंच. ब्रुसेला प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही होतो.

या आठवड्यात करायचं काम मात्र छोटं आहे. टाकून दिलेल्या ३६ प्लेट अजून फ्रीजमध्ये असतील तर त्या बाहेर काढा, ४२ ही कॉलनी पुन्हा शुद्ध करा आणि २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर प्रत्येकीच्या तीन-तीन कुप्या ठेवा. कुपीवर जनावर, तारीख, माध्यम आणि कितवा पॅसेज (किती वेळा पुन्हा वाढवला) ते लिहा. जिवाणू माध्यमावर वारंवार वाढवत राहिलं की प्लाझ्मिड गळतात, आणि लॅक्टोकॉकसमध्ये तर लॅक्टोज खायची जनुकंच बहुधा प्लाझ्मिडवर असतात. वर्षभराने तुमच्या हातात वेगळाच जिवाणू असायचा. मग रेप-पीसीआर लावा आणि पट्ट्यांचा फोटो व नमुन्यांची नोंद मला पाठवा. किती वेगळे स्ट्रेन उरले ते पाहून १६एसला कोणते पाठवायचे, ते आपण मिळून ठरवू.